माळ्यावर रात्री कोण नाचतंय?

पाऊस सुरू झाला की या सदराच्या पत्रांचा नूरच पालटतो. एरवी कबुतरं आणि उंदीर, आणि जून लागला की साप, घोरपड, मगर, उदमांजर सगळे एकदम. या वेळी पाच पत्रं घेतोय. नावं मुद्दाम गाळलीत, कारण निम्म्या पत्रांत शेजाऱ्यांशी नाहीतर घरच्यांशी भांडण आहे आणि ते मासिकात छापून वाढवायची माझी इच्छा नाही.

प्रश्न: काका नमस्कार, आमचा बडोद्यात दांडिया बाजारात जुना वाडा आहे, वर कौलं आणि खाली लाकडी माळा. महिना झाला, रात्री एक-दीड वाजता माळ्यावर कोणीतरी धावतं, म्हणजे अक्षरशः मुलं पकडापकडी खेळतात तसं. सासऱ्यांना झोप नाही. आधी वाटलं मांजर असेल, पण एकदा टॉर्च मारला तर लांब काळी शेपटी आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा. शेजारच्या बेन म्हणाल्या, "ए तो वणियर छे, कंई नहीं करे." पण माळ्याच्या एका कोपऱ्यात घाणीचा ढीग झालाय, त्यात नुसत्या बिया, आणि विचित्र म्हणजे कधीकधी बासमती शिजत असल्यासारखा वास येतो. मिस्त्री म्हणतोय परवा येऊन सगळी भोकं सिमेंटनी बुजवून टाकतो. बुजवू का?

उत्तर: वहिनी, आधी मिस्त्रीला फोन करा आणि थांबायला सांगा, उरलेलं उत्तर मग वाचा.

तुमच्याकडे आहे ते उदमांजर, गुजरातीत वणियर. बासमतीचा वास भुताटकीचा नाही, त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींमधून येतो, आपण भातात आंबेमोहोराची पानं घालतो ना साधारण तसाच. ते निशाचर आहे, फळं, उंदीर, पाली, किडे जे मिळेल ते खातं आणि फळांच्या बिया जशाच्या तशा बाहेर टाकतं, तोच तुमचा ढीग. शहरातल्या जुन्या वाड्यांचे माळे त्याला झाडाच्या ढोलीसारखेच वाटतात, कोरडं, अंधारं, आणि वर्षानुवर्षं कोणी न फिरकलेलं. माणसावर ते आपणहून येत नाही, पण कोपऱ्यात अडकलं तर चावेल, म्हणून काठी घेऊन माळ्यावर चढायचं नाही.

आता मिस्त्रीला का थांबवलं ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वाडी भागातल्या एका घरी मीच उभा राहून असं भोक बुजवून घेतलं होतं. संध्याकाळी साडेसात, आठला जनावर बाहेर पडलेलं सगळ्यांनी पाहिलं, मग कौलाखालची फट विटा आणि सिमेंट लावून बंद, सगळे खूश. रात्री दोनला घरच्यांचा फोन. मी गेलो तेव्हा ती मादी छपरावर होती आणि कौलं उचकत होती, एकेक कौल नाकानं आणि पंजानं सरकवून खाली पाडत होती, अंगणात खापऱ्यांचा खच पडला होता. सकाळी माळा उघडला तर ओल्या सिमेंटवर तिच्या नखांचे ओरखडे चार-चार बोटं लांब, आणि आत जुन्या गोधडीत तीन पिल्लं, त्यातलं एक गार पडलेलं. ते हातात घेतलं तेव्हा मुठीएवढं पण नव्हतं. त्या दिवसापासून आत कोण आहे हे बघितल्याशिवाय मी एकही भोक बुजवू देत नाही.

तर तुम्ही असं करा. उद्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते ज्या फटीतून ये-जा करतं तिथे खाली थोडं गव्हाचं पीठ नाहीतर रांगोळी पसरा आणि सकाळी पाऊल कुठल्या दिशेनं गेलंय ते बघा. आठवडाभर दुपारच्या शांततेत माळ्याखाली उभं राहून कान द्या, पिल्लं असली तर बारीक चिवचिव ऐकू येते, मांजरीच्या पिल्लासारखी पण जरा कोरडी. पिल्लं आहेत असं वाटलं तर घाई नको, दोन-अडीच महिन्यांत ती आईबरोबर बाहेर पडायला लागतात, तेवढे दिवस सासऱ्यांची खाट खालच्या खोलीत हलवा. तेवढा धीर नसेल तर माळ्यावर एक साधा बल्ब दिवसभर चालू ठेवा आणि एक रेडिओ बारीक आवाजात. दिवसा झोपणाऱ्या जनावराला उजेड आणि बोलणं नको असतं, मादी बऱ्याचदा स्वतःच पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे नेते. धूर करायचा नाही, मिरचीचा तर अजिबात नाही, आत लाकूड आहे आणि पिल्लांना पळता येत नाही.

पिल्लं नाहीत किंवा गेली अशी खात्री झाली की मग एकच मुख्य फट सोडून बाकीच्या सगळ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जाळीनं बंद करा, स्क्रू आणि वॉशर लावून, नुसती तारेनं बांधलेली जाळी ते एका रात्रीत उचकतं. राहिलेल्या मुख्य फटीवर जाळीचंच एक झाकण लावा, वरून बिजागरी आणि खालून मोकळं, बाहेरच्या बाजूलाच उघडेल असं. आतून ढकललं की जनावर बाहेर जातं, बाहेरून ओढता येत नाही. तीन-चार रात्री ते तसंच ठेवायचं, मग फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा घालून ठेवायचा आणि सलग तीन सकाळी तो बोळा जागचा हलला नसेल तर मिस्त्रीला बोलवा, आता सिमेंट लावा खुशाल.

आणि छपरावर टेकलेली फांदी असेल तर ती पाच-सहा फूट मागे छाटून घ्या, अंगणात पडलेले पेरू चिकू रात्री तसेच ठेवू नका, मांजरीच्या दुधाची वाटी पण आत. पिंजरा लावून धरून लांब सोडू का असं पत्राच्या शेवटी विचारलंय तुम्ही. नको. कायद्यानं संरक्षित प्राणी आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय धरताच येत नाही, आणि तसंही भोक उघडं राहिलं तर दोन महिन्यांत दुसरं येऊन बसतं, हे मी बघितलंय.

प्रश्न: आम्ही वासणा रोडला राहतो, तळमजला, मागे छोटं अंगण. मागच्या आठवड्यात विटांच्या ढिगातून मोठा पिवळसर साप निघाला, साप पकडणारा मुलगा म्हणाला धामण आहे, बिनविषारी, घेऊन गेला. आता मिस्टरांनी कार्बोलिक ॲसिड आणून ठेवलंय, वॉचमन फिनाईल शिंपडतो आणि कामवाली म्हणते डांबरगोळ्या टाका. काय टाकू?

उत्तर: ताई, यातलं काहीच टाकू नका. कार्बोलिकनं तुमचे हात भाजतील, डांबरगोळी लहान मूल किंवा कुत्रा खाईल, आणि साप शेजारून आरामात निघून जाईल. वासानं साप लांब राहतो याला काही आधार नाही.

साप दोनच गोष्टींसाठी येतो, उंदीर-बेडूक आणि लपायला जागा. तुमच्याकडे दोन्ही आहे. त्याच पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकता, तर उरलेली ज्वारी रात्री उंदीर खातो आणि उंदरामागे धामण येते, एवढी सरळ साखळी आहे. धामण गेली म्हणून मला तर वाईटच वाटलं, ती उंदीर खायची, आता त्या उंदरांवर नाग येऊ शकतो. ज्वारी बंद करा नाहीतर तेवढीच टाका जेवढी अर्ध्या तासात संपेल आणि मग झाडून घ्या. विटा एक तर द्या कोणाला, नाहीतर जमिनीपासून फूटभर उंच लोखंडी स्टँडवर रचा. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, ती लावा, आणि बाथरूमच्या, अंगणाच्या सगळ्या मोऱ्यांना पाव इंचाची जाळी, कारण उंदराचं पिल्लू बोट जाईल एवढ्या भोकातून सुद्धा आत येतं. उंदरांसाठी विष नको, विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि ते पण मरतं, आणि एक घुबड तुमच्या पूर्ण गल्लीचे उंदीर सांभाळत असतं. गोंदाचे सापळे तर दुकानात दिसले तरी घेऊ नका, त्यात उंदीर तासन्‌तास तडफडतो, आणि मी त्यातून चिमण्या, पाली, एकदा सापाचं पिल्लू तेल लावून लावून सोडवलंय.

पावसाळ्यात जमिनीवर गादी टाकून झोपायची सवय असेल तर ती मात्र आजपासून सोडा. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा मुंगीएवढा दुखतो किंवा दुखतही नाही, आणि माणसाला झोपेतच कळत नाही. खाट आणि कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, याहून चांगला उपाय नाही. आणि देव न करो पण कोणाला चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, तो हात-पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन, आणि सरळ सयाजी हॉस्पिटल. भगताकडे अर्धा तास जातो आणि तोच अर्धा तास महत्त्वाचा असतो.

साप दिसला की कोणता आहे हे ओळखायच्या भानगडीत पडू नका. लांबून नजर ठेवा, एकजण फोन करा. नागपंचमी येतेय म्हणून अजून एक, साप दूध पीत नाही. टोपलीवाला जो नाग दूध पिताना दाखवतो त्याला दिवसेंदिवस पाणी दिलेलं नसतं. दूध घरातल्या मुलांना द्या.

प्रश्न: कारेलीबागमध्ये आमचं धाबं (गच्ची) म्हणजे माकडांची धर्मशाळा झालीय. काळ्या तोंडाची, दहा-बारा एकदम येतात, कुरडया-सांडगे पळवले, टाकीचं झाकण फोडलं, परवा दोरीवरची साडी फाडली. माझ्या सासूबाई दर शनिवारी केळी आणि चणे देतात, काही बोललं की म्हणतात मारुतीचं रूप आहे. दिराने गलोल आणलीय. घरात रोज वाद. तुम्हीच सांगा.

उत्तर: वहिनी, गलोल आधी कपाटात. आता तुमच्या सासूबाईंशीच बोलतो, हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

आजी, नमस्कार. तुमच्या मनात आहे ती भक्ती मला कळते, माझी आई पण द्यायची. पण हे जे काळ्या तोंडाचं वानर आहे ना, त्याचं पोट आपल्यासारखं नाही, गाईसारखं कप्प्यांचं आहे, त्यात पाला कुजवून पचवतं. वड, पिंपळ, उंबर, शिरीष यांचा पाला, कळ्या, शेंगा हे त्याचं जेवण. आपण देतो ती केळी, चणे, बिस्किटं, पाव त्याला गोड लागतात पण पोट बिघडवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला शिकवतात की माणसाच्या हातात जे काही आहे ते माझं आहे. शनिवारी तुमच्या हातातून प्रेमानं घेणारं वानर सोमवारी शेजारच्या नातवाच्या हातातली पिशवी ओढतं, आणि तो घाबरून पळाला की पाठीवर चढतं. मग लोक दगड मारतात, फटाके लावतात, पिल्लू आईच्या पोटावरून सुटून तारांवर पडतं. मी विजेच्या तारेवर जळालेली वानरं खाली उतरवलीत आजी, फार वाईट असतं ते. सेवा करायची असेल तर घरापासून लांब, मोकळ्या जागेत किंवा देवळामागे उंबर लावा आणि त्याला पाणी घाला, त्याची फळं वीस वर्षं मारुतीला पोचतील.

आता वहिनी तुम्ही. सगळ्या सोसायटीनं एकदम खायला देणं बंद करायला हवं, एका घरानं देत राहिलं तरी टोळी येतच राहणार. आणि हे नीट लक्षात ठेवा की बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढतो, ती जास्त आपटतात, जास्त दात दाखवतात, आणि इथेच लोक हरतात आणि परत केळं देतात. तेवढं काढा. वाळवणासाठी सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या, वर बारीक जाळी, कडेला कडी, आमच्या गल्लीत दोघींनी केली आणि मे महिना शांत गेला. टाकीच्या झाकणाला कुलूप, डिशची वायर पाइपमधून, कपडे धाब्यावर तासभरापेक्षा जास्त नकोत. सकाळी कोणी तरी धाब्यावर असेल तर टोळी सहसा दुसरं छप्पर बघते.

समोरासमोर आलात तर डोळ्यात डोळे घालून बघू नका आणि हसू पण नका, दात दाखवणं म्हणजे त्यांच्यात भांडणाला बोलावणं. पाठ न करता हळू मागे सरा. हातात लांब काठी असू दे, ती जमिनीवर आपटायला, अंगावर मारायला नाही, पाण्याचा पाइप त्याहून छान. ओरखडा किंवा चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर.

प्रश्न: समा भागात विश्वामित्रीपासून आमचं घर अगदी जवळ आहे. २०२४ च्या पुरात कंपाउंडमध्ये मगर आली होती, गाडीखाली बसली होती, बायको अजून दचकते. यंदा नदी वाढली तर काय करू? काहीजण म्हणतात नदीतल्या सगळ्या मगरी उचलून दुसरीकडे सोडायला हव्यात.

उत्तर: भाऊ, त्या ऑगस्टमध्ये मी पण चार दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो, तुमच्या घरच्यांची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका.

पण मगर तुमच्या घरी आली नाही, नदी तुमच्या घरी आली आणि मगर तिच्यातच होती. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून निघते आणि भर शहरातून वाहते, आजव्याच्या तलावाचं पाणी सोडलं की अजून फुगते, आणि या नदीत मगरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काठाच्या मातीत त्यांची बिळं, तिथेच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी अंडी घालते आणि जूनच्या आसपास पिल्लं निघतात. काठ सिमेंटनी बांधला, भराव टाकला, तर बिळं जातात आणि ती अजूनच आपल्याकडे सरकते. उचलून लांब सोडलेली मगर बऱ्याचदा परत यायला निघते, वाटेत कोणाच्या तरी शेतात नाहीतर रस्त्यावर सापडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती सगळ्यात वरच्या परिशिष्टात आहे, तेव्हा हात लावायचा विषयच नाही.

तुमच्या हातात आहे ते सांगतो. फाटकाखालची फट मोजा, वीतभर असेल तर लोखंडी पट्टी लावून दोन बोटांवर आणा. कंपाउंडची जाळी जमिनीत फूटभर गाडलेली हवी, नाहीतर पुराचा लोंढा खालूनच उचलतो. मागच्या बाजूला कोंबडी-मटणाचा कचरा, मेलेली डुकरं-कुत्री काठावर टाकणं सोसायटीनं थांबवायला हवं, त्या वासावर मगरी ठरलेल्या जागी यायला शिकतात. अंधार पडल्यावर आणि पहाटे पाण्याच्या कडेला कोणी बसू नये, कुत्रा मोकळा सोडू नये.

पाणी ओसरल्यावर लगेच बाहेर पडू नका. आधी गच्चीवरून टॉर्च फिरवा, मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. गाडीखाली, जिन्याखाली, कुंड्यांच्या मागे, उघड्या गटारात, या चार जागा. दिसली तर मुलांना घरात घ्या, फाटक उघडं ठेवा म्हणजे तिला पाण्याकडे जायची वाट राहील, आणि लोकांची गर्दी होऊ देऊ नका, मोबाइल घेऊन जवळ जाणाऱ्यामुळेच अपघात होतात. जमिनीवर ती थोडं अंतर फार जोरात धावते, म्हणून वीस-पंचवीस फूट तरी लांब. दगड नाही, दोरी नाही. वनखात्याच्या कंट्रोल रूमचा नंबर आत्ताच, ऊन आहे तोवर, फ्रीजवर चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका, पुरात नेट जातं. आणि वहिनींना सांगा, पूर आला की गाडी उंचावर लावायची, गाडीखालची ती कोरडी जागाच तिला सापडली होती.

प्रश्न: दोन छोटे प्रश्न. एक, बाथरूममध्ये घोरपड शिरली होती, पिवळ्या पट्ट्यांची, लोक म्हणाले चंदन घो आहे, फुंकली तरी माणूस मरतो, म्हणून मारणार होते, मी मारू दिली नाही. बरोबर केलं का? दोन, दारातल्या आसोपालवमुळे (खोटा अशोक) भिंत आणि गाडी रोज सकाळी लालसर डागांनी भरते, झाड तोडू का?

उत्तर: शंभर टक्के बरोबर केलंत आणि मनापासून धन्यवाद. चंदन घो म्हणून वेगळं काही नाही, ते आपल्या साध्या घोरपडीचं पिल्लू, लहानपणी पट्टे उठून दिसतात, मोठेपणी फिके होतात. तिच्या फुंकरीनं कोणी मेलेलं नाही, ती नुसती घाबरून फुसफुसते. कोंडलं तर शेपटीचा फटका देते आणि चावते, म्हणून दार उघडं ठेवायचं, सगळ्यांनी बाजूला व्हायचं, ती दहा मिनिटांत निघून जाते. आणि अजून एक सांगून ठेवतो, पूजेच्या सामानात हातजोडी नावाची वाळकी मुळी म्हणून जे विकतात ती मुळी नसते, नर घोरपडीचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घरात असेल तर वनखात्याकडे द्या आणि कोणी घेत असेल तर सांगा.

आसोपालव तोडू नका. पावसाच्या तोंडावर त्याची फळं पिकतात आणि रात्री वटवाघळं ती खायला येतात, चघळून चोथा आणि विष्ठा जाता जाता भिंतीवर. फळं संपली की ती आपोआप दुसऱ्या झाडावर जातात, हे पाच-सहा आठवड्यांचंच काम आहे. झाडावर मोठ्या भोकांची नायलॉन जाळी टाकून नका ठेवू, त्यात पंख अडकून सकाळपर्यंत तडफडतात, लावायचीच असेल तर बारीक, बोट न जाणारी, आणि घट्ट ताणलेली. पडलेलं उष्टं फळ मुलांना खाऊ देऊ नका, जखमी वटवाघूळ दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका. डाग ओले असतानाच सकाळी पाण्यानं धुतले तर जातात, वाळले की चिकटतात. आणि गाडी ऑगस्टपर्यंत झाडाच्या दुसऱ्या बाजूला लावा.